पंधरा दिवसांपूर्वी कुठवर

सकाळी साडेसहाला भरतीची यादी निघते.
मी तिच्यावर पेन्सिल फिरवते:
ताप, खोकला, दम,
"आई बरी दिसत नाही" असं मुलीनं सांगितलेलं,
कुणीतरी जसंच्या तसं टाइप केलेलं.
बसत असेल तर नावापुढे टिंब.
टिंब म्हणजे मी येणार.

मी नर्स आहे, पण औषध देत नाही.
मोजते.
दोन मास्क, वर पारदर्शक ढाल,
आणि छातीला टाचलेला माझाच हसरा फोटो,
आत कोण आहे ते कळावं म्हणून.

ग्लेस बे, जानेवारी. खोली नऊ.
लॉची गूथ्रो, वय एकोणऐंशी.
एकतीस वर्षं खाणीत, समुद्राच्या तळाखाली.
"तेव्हा डोक्यावर सगळा अटलांटिक होता," म्हणाला,
"थेंब गळला नाही. आणि पाणी शिरलं ते आता,
अंथरुणात."

एक काडी नाकातून, पार मागच्या भिंतीपर्यंत,
दहा म्हणेस्तोवर.
लघवीची एक बाटली. बाकी नुसते प्रश्न.
"मला काय उपयोग?"
"तुम्हाला काहीच नाही."
तो थोडा वेळ माझ्या फोटोकडे बघत राहिला,
मग सही केली, पगाराच्या चिठ्ठीवर करत असेल तशी,
घाईत, न वाचता.

लस?
ऑक्टोबरात, चर्चच्या तळघरात. बहिणीनं ओढत नेलं. सॅडीनं.
पंधरा दिवसांपूर्वी कुठवर चालत होता?
फॉर्मवर नऊ चौकटी आहेत;
आकडा चढतो तसा माणूस उतरत जातो.
"टपालपेटीपर्यंत. वारा असला तर कुंपण धरून.
शेजारच्या कुत्र्याला एक शिवी, आणि परत."
मी पाचावर खूण केली.
कुत्र्याला चौकट नव्हती.

त्या हिवाळ्यात फ्लू आलाच नाही.
आमचा आलेख डिसेंबरपासून जमिनीवर आडवा,
गोठलेल्या बंदरासारखा.
पाळत ठेवावी चोरावर
आणि चोरानं गावच सोडावं,
कारण गावात दरोडेखोर शिरलाय.
वॉर्डातली पोरं हसायची,
वेल्मा, मग उगाच कशाला काड्या घालतेस?
शून्यसुद्धा कुणीतरी जाऊन आणावं लागतं, बाबांनो.
ते आपोआप येत नाही.

संध्याकाळी एस्कासोनीच्या वेशीवर
माझाच भाचा कपाळावर तापमापक रोखायचा,
मोजणारीला मोजायचा,
आणि मावशी म्हणायचं टाळायचा. ड्यूटीवर असायचा ना.

लॉचीचा कागद तिसऱ्या दिवशी आला.
फ्लू नाही. दुसरा फ्लूही नाही.
तो नवा, ज्याच्यासाठी सगळं जग दारं लावून बसलंय, तोही नाही.
लघवीत न्यूमोकॉकस नाही.
एक्स-रेत मात्र उजवीकडे खाली
भलंमोठं पांढरं.

"मग मला झालंय काय?"
"न्यूमोनिया."
"कुणाचा?"
"सापडलं नाही."
"म्हणजे बेवारस," तो म्हणाला,
आणि इतका हसला की खोकला सुटला,
मी पाठीवर हात ठेवला,
जो फॉर्ममध्ये कुठेच नाही.

तिसाव्या दिवशी फोन करायचा असतो.
जिवंत की नाही, घरी की दुसरीकडे.
माझ्या पेन्सिलीनं फोन लावायच्या आधीच
सातावर पुसटशी खूण करून ठेवली होती.
अशा छात्यांचं गणित मला पाठ आहे.

त्यानंच उचलला.
"आता कुठवर चालता?"
"खिडकीपर्यंत."
मग, "थांब जरा."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.
सपाता. बराच वेळ काही नाही.
सॅडी कुठूनतरी ओरडली.
कडी. मग वारा, सबंध वारा,
फोनच्या त्या इवल्या भोकांतून.
यादीत अजून अकरा नावं होती.
कॉफीवर साय धरली.
लांबवर एक कुत्रा भुंकायला लागला
आणि त्यावर एक शिवी, दम लागलेली,
पण पुरती ऐकू येईल अशी.

परत यायला त्याला चार मिनिटं लागली.
"पायरीपर्यंत," तो म्हणाला. "लिही."

मी रबर शोधलं.