सेवेचा तपशील

पेन्शनच्या अर्जात एक रकाना आहे:
सेवेचा तपशील.
रुंदी तीन बोटं.
येरेवानच्या कचेरीत खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली,
थोडक्यात लिहा, आजी.

थोडक्यात म्हणजे
एकेचाळीस वर्षं काच घासली.

आरागात्सच्या उतारावर, घुमटाखालच्या तळघरात,
हमायाक उस्तादनं पहिल्याच दिवशी
माझा अंगठा धरून आरशावर टेकवला.
मोज, म्हणाला, साठ.
मग समोर पातं लावलं, दाढीचं, जुनं,
आणि त्याच्या धारेवरून आरसा दाखवला:
अंगठा होता तिथे टेंगूळ.
बोटाला लागेना, नुसत्या डोळ्याला दिसेना,
पात्याआडून बघावं तर डोंगराएवढं.
तुझ्या अंगाची ऊब, तो म्हणाला,
काचेला सोसत नाही ती. जा, जेवून ये.
तू येईस्तोवर ती विसरेल.

ती विसरली.
मी जेवले नाही.

लेनिनग्राडच्या पदवीत हे काही नव्हतं.
डांबराची गादी नखानं दाबायची,
नख उमटलं तर मऊ, कपचा उडाला तर कडक.
वीस मिनिटं घासायचं,
आणि रात्रभर थांबायचं.
निम्मी नोकरी अशी थांबण्यात गेली
(पगार मात्र पुरा मिळाला).
काचेचा ताप उतरायची वाट बघत
जर्दाळूच्या झाडाखाली बसून मी
चार स्वेटर विणले, एका मुलाला अक्षरं शिकवली,
एक लग्न मोडलं.

मग ते हिवाळे आले.
दिवसाला एक तास वीज,
तीही कुठल्या तासाला ते न सांगता.
शहरानं बागेतली बाकं जाळली, मग कपाटं, मग कपाटांतली पुस्तकं.
आमच्याकडे वर्णपटमापकाची खोकी जळाली,
जर्मनीहून आलेली, पाइनच्या फळ्यांची. फार छान जळाली.
एका संध्याकाळी सेरोब म्हणाला,
डांबरही जळेल.
त्याच्या घरी दीड महिन्याची मुलगी होती.
मी अर्धं दिलं.

उरलेल्या अर्ध्याची लहानशी गादी केली.
थंडीनं ती दगड व्हायची,
म्हणून कोटाच्या आत, पोटाशी धरून बसायचे.
उस्तादला हे आवडलं नसतं. किंवा आवडलं असतं.

कंदिलाची ज्योत, पुढे पत्रा,
पत्र्याला सुईनं पाडलेलं भोक: तो माझा तारा.
चूल बंद, रस्त्यावर ट्रक नाही,
खोलीतली हवा जागची हलत नव्हती.
पातं सरकवलं
आणि आरसा एकदम, कडेपासून कडेपर्यंत,
एकसारखा करडा झाला.
ना टेंगूळ, ना खळगा.
असा करडा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.
ओरडून सांगावंसं वाटलं.
उस्ताद सप्टेंबरातच गेला होता.
बाहेर आले तर खाली सगळं खोरं विझलेलं,
तारे पार बांधापर्यंत उतरलेले,
आणि घुमट फिरवायला वीज नव्हती.

आरसा सहा वर्षांनी बसला.
त्यावरच्या पहिल्या निबंधात, शेवटच्या पानावर,
आभारात माझं नाव आहे.
मागे ‘श्री.’ लावून.

लोक विचारतात, दुर्बिणीतून काय काय पाहिलंत?
उजेड आरशावर पडायचा, तिथून फटीत,
फटीतून पट्टीवर. डोळा लावायला जागाच नव्हती.
मी पाहिलं ते दाढीचं पातं
आणि त्याच्या कडेची सावली.

रकान्यात लिहिलं: काच.
मुलगी म्हणाली, आता अंगठा, या यंत्रावर.
यंत्राला ठसा सापडेना.
तिनं माझा हात उलटा करून पाहिला.
अंगठ्यावरची वळणं त्या गुलाबी भुकटीनं
कधीच धुऊन नेली होती.
पुसून पुन्हा टेकवा, आजी, ती म्हणाली, आणि हलवू नका.

टेकवला.
खालची काच गार होती.
मागे रांग कुरकुरत होती,
आणि मी सवयीनं मोजू लागले,
एक, दोन, तीन.