मापात पाप

कुओपिओत नोव्हेंबर. तीनलाच दिवा लावावा लागतो.
जेवणाच्या टेबलावर मी तक्ता उलगडते:
एकाच कागदावर सत्तावीस कपडे,
लाल, निळ्या, तुटक, ठिपक्यांच्या रेघांनी
एकमेकांच्या अंगावरून चालत गेलेले.
मला त्यातला एकच हवा,
चौदा नंबरचा ड्रेस, लांब बाह्यांचा, खिसे असलेला.
त्याची रेघ बोटाने धरून ठेवायची,
जत्रेत पोराचा हात धरतात तशी.
गेल्या खेपेला मुंढ्याच्या वळणावर हात सुटला
आणि मी कुणा सहा वर्षांच्या मुलाची बाही बेतून बसले.
ती आता कॉफीच्या किटलीला घालते.

बावन्न वर्षांची आहे मी.
दुकानातले सगळे गळे माझ्या अंगावर डावीकडे घसरतात:
टी-शर्ट, स्वेटर,
भावाच्या लग्नाला घेतलेला तो महागडा.
"हल्ली कुणाला धड शिवताच येत नाही," मी म्हणायचे
आणि खांदा वर ओढायचे.
तीस वर्षं.

होजिअरीचं कापड गरीब वाटतं. नसतं.
कात्री लागली की कडा सुरळी होऊन
आपल्याच पोटात शिरतात.
ओढून शिवलं तर काठाला लाटा,
सैल सोडलं तर टीप तटकन तुटते
नेमकी डोक्यातून घालताना.
म्हणून सुई गोल टोकाची:
ती धाग्याला भोसकत नाही,
दोघांच्या मधून जाते, जरा सरका म्हणत.
आणि गळ्याची पट्टी गळ्याहून आखूड.
किती आखूड, ते छापलेलं असतं;
तरी हाताला विचारावंच लागतं.

आईने मोठं घर सोडलं
तेव्हा तिच्या साच्यांची सुरळी माझ्याकडे आली.
काल सोडली.
ती बेकिंग पेपरवर साचे उतरवायची;
एकावर अजून लोण्याचा डाग आहे.
मी पाच वर्षांची, सात, नऊ, साडेबारा,
शाळेच्या निरोपाचा गडद हिरवा.
पेन्सिलीने कोपऱ्यात: मार्युक्का, उंची एकशे दहा.

साचा म्हणजे अर्धं अंग.
कापडाच्या घडीवर ठेवायचा,
दुसरं अर्धं आपोआप येतं.
आईचे साचे पुरे होते,
डावं उजवं, दोन्ही.
प्रत्येकावर डाव्या खांद्याची रेघ
खाली उतरवलेली:
अर्धा सेंटिमीटर, मग एक, मग दीड,
हिरव्याला दोन.
शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात:
"डावा खाली. तिला सांगू नये."

न्हाणीघरातल्या आरशापुढे गेले.
आधी दिवा न लावता उभी राहिले.
मग लावला.

मापात पाप म्हणतात ते
काट्याला अंगठा टेकवणाऱ्याचं.
आईने टेकवला होता, माझ्या बाजूने,
अठरा वर्षं, दर हंगामाला नव्याने मोजून.
मी मात्र जगभरच्या शिंप्यांना
वेड्यात काढत हिंडले.
रागही आला. थोडा. खांद्याएवढाच.

फोन केला.
"साचे सापडले," म्हटलं.
पलीकडे बराच वेळ कॉफीचं यंत्र गुरगुरत राहिलं.
मग हेल्वी, वय चौऱ्याऐंशी, म्हणाली,
"उजवा मोजलास का कधी?
डावा बरोबर आहे तुझा.
उजवा वर आहे.
तसं लिहायला कागदावर जागा नव्हती."

टेप घेऊन दोन्ही मोजले.
फरक दोनाचा. तो आहे.
पण कुठला कुणापासून ढळला
हे टेपला माहीत नसतं.

चौदा नंबर पुन्हा अंथरला,
उरलेलं अर्धं अंग हाताने काढलं.
डाव्याला एक उतरवलं,
उजव्याला एक चढवलं;
हा माझा बेत, आईचा नव्हे.
कापड निळं, त्यावर पिवळ्या अळंब्या,
आणि त्या दोन खांद्यांवर
आता एका रेषेत येणार नाहीत.
येऊ नयेत.

साडेचार झाले. बाहेर काळोख.
कापड सपाट पसरलंय, घडी न घालता,
टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लोंबतंय.
लोंबू द्यायचं नसतं, ताणतं ते.
खाली दोन खुर्च्या लावते.