क-७

काळीज म्हटलं की बोट डावीकडे जातं.
तिथे नसतं ते.
उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला,
येईल ते मुकाट गाळत बसलेलं असतं.

तायचुंगमध्ये चौथ्या मजल्यावर
शिः पी-युन ते वाढवते, खसखशीहून बारीक.
बर्फावर पातळ, उबेत थिजणारं जेल,
खळगीखळगीत एकेक थेंब,
थेंबात पोकळ, पारदर्शक गोळे.
रक्त नाही, पोट नाही, माणूस नाही,
तरी विष ओळखतात,
आणि नववर्षाच्या सुट्टीतही
दिवसाआड कुणीतरी येऊन त्यांना भरवावं लागतं.

चौदा दाते. चौदावा स्कूटर दुरुस्त करायचा.
केस काळे राहावेत म्हणून
हो-शौ-वूच्या मुळाचा काढा प्यायला तीन महिने,
केसांचं माहीत नाही, डोळे हळदीचे झाले.
बायोप्सीतून उरलेलं त्यानं सही करून दिलं.
तो बरा होऊन गॅरेजात परतला,
त्याच्या काळजाचा तुकडा इथे
सदतीस अंशांवर वाढतोच आहे.

मुळं आली पाकिटांतून, नावं झाकून.
कच्चं. काळ्या सोयाबीनच्या रसात वाफवलेलं.
बाजारातलं, बिनपावतीचं.
बहात्तर तासांनी तेरा दाते हिरवे चमकले, म्हणजे जिवंत.
चौदावा कच्च्या मुळाला लाल झाला.
ते होणारच होतं.
पण क-७लाही झाला,
कडेकडेनं, सावकाश,
रात्री उशिरा एखादं गाव विझत जावं तसा.

यादी उघडली.
क-७ : लुकांग, शिः चिन-फा आणि कन्या.

कन्या म्हणजे तीच.
दुकानाची रीत नऊ वाफा, नऊ उन्हं.
लहानपणी मोजायला तिलाच बसवायचे.
सातवीपर्यंत ती पेंगायची,
नववी तरीही व्हायची.

‘बाबा, किती वेळा वाफवलं?’
पलीकडे सुरीचा आवाज थांबला.
‘चार.’
मग, ‘गुडघे आता उठू देत नाहीत.
आणि गिऱ्हाईकाला काय कळतंय.’
मग बऱ्याच वेळानं,
‘कुणाला कळलं?’

पडद्यावर लाल ठिपके.
‘एका स्कूटरवाल्याला,’ ती म्हणाली.

त्यांच्या बोलीत लाडक्या लेकराला
सिम-क्वा म्हणतात,
हृदय आणि यकृत, एका दमात.
फोन ठेवताना म्हातारा तेच म्हणाला,
एक्केचाळीस वर्षांच्या बाईला.

शनिवारी ती लुकांगला गेली,
पिशवीत प्रयोगशाळेचा टायमर.
पाचवी वाफ. सहावी. मध्ये ऊन गेलं,
चाळण्या आत, चाळण्या बाहेर,
रजा दोनदा वाढवली.
नऊ झाल्या तरी चौदाव्याला सोसेल का,
तिला माहीत नाही.
म्हाताऱ्यानं विचारलंही नाही.
त्यानं काळंभोर मूळ पाकिटात भरलं,
जिभेनं कड ओली करून चिकटवलं,
आणि दुकानाच्या शिक्क्यावर
स्वतःच्या हातानं कोरी पट्टी लावली.