जास्तीचं कापड

बत्तीस वर्षं मी गणवेशच शिवले.
पांढरा शर्ट, खाकी चड्डी, पुढं तिची निळी पँट झाली,
मुलींचे पिनाफोर, बिनझालरीचे.
उदगिरात कुठलीही प्रार्थनेची रांग बघा,
अर्ध्या बाह्या माझ्या हातच्या:
सरळ, दोन बोटं दुमड, वर एक टीप.
हात निघाला पाहिजे, फळ्यापर्यंत पोचला पाहिजे,
छडी चुकवायला मागं घेता आला पाहिजे.
बाहीकडून आणखी काय मागायचं?

ईश्वरीनं मागितलं.
देगलूरला मावशीचं लग्न, हिचं वय सहा,
कापड तिनंच निवडलेलं, करडईच्या फुलाचं,
जरा पिवळं, जरा तांबडं, काटे सोडून सगळं.
"आबा, बाहीला पाणी पाहिजे."
पाणी?
तिनं दोन्ही हात पसरले, मनगटं हलवली.
"असं. खाली पडणारं."

मी चुण्या घातल्या.
धावदोरा ओढला, गोळा केलं, दाबलं मशीनखाली.
बाही झाली, पण कोबीच्या गड्ड्यासारखी.
"फुगलंय की हे," ती म्हणाली. "पडंनाच."
मी उसवली. परत घातल्या. परत कोबी.

महानंदा, माझी सून, भाकऱ्या थापता थापता बघत होती.
हात धुतले, पदराला पुसले, आली.
डब्याचं झाकण कापडावर ठेवून खडू फिरवला,
त्याच्या मधोमध वाटी ठेवली, परत खडू.
"मधलं काढा, मामा. आता एका जागी चिरा."
चिरलं.
"आता आतली कड सरळ धरा."

धरली.
आतली कड गुमान सुतासारखी आली हातात,
बाहेरच्या कडेला मात्र कुठं मावावं कळेना.
ती लांब होती, आणि जागा तेवढीच.
मग ती वळली, परत वळली,
एकही चुणी न घालता
पाणी पडायला लागलं.

"कुठं शिकलीस?"
"लातूरला. लग्नाआधी सहा महिने क्लास होता."
सात वर्षं ही माझ्या मशीनपासून चार हातांवर पीठ मळते.
मी तिला काज करायला द्यायचो. बटणं.
कधी मधी हेम.

त्या रात्री एका बाहीची झालर उलटी लागली,
शिवण बाहेर, सुलट आत.
बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.
मी चष्म्याला दोष दिला, मग बल्बला.
महानंदानं ब्लेड घेतलं आणि टाका टाका मोकळा केला,
कापडाला कळू न देता.

ईश्वरीनं फ्रॉक घातला, आरशाकडं गेलीच नाही.
भिंतीजवळ उभी राहिली,
हात वर, हात खाली,
सावलीत पाणी पडतंय का बघत.
"आबा, काय करूलालाव? बघा की इकडं!"
मी दोरा गुंडाळत होतो. बघितलं.
झोपल्यावर अंगातनं काढायचा म्हटलं तर
मूठ झालरीवर आवळलेली.
राहू दिला.

सकाळी शाळेची ऑर्डर, चाळीस शर्ट, छाती चोवीस.
कोपऱ्यातली दुसरी मशीन
कारागीर हैदराबादला गेल्यापासून पोत्याखाली होती.
पोतं काढलं, झटकलं.
तेल सोडलं, पट्टा ताणून बघितला, नवी सुई घातली.
मी काही बोललो नाही.
तवा उतरवून ती आली,
स्टूल पुढं ओढलं, तीही बोलली नाही.

दुपारपर्यंत तिच्या बाजूचा आवाज माझ्यापेक्षा जलद झाला होता.
संध्याकाळी घड्या घालताना
एका शर्टाच्या मुंढ्यात जास्तीची एक चुणी सापडली,
बोटाच्या पेराएवढी, नको तिथं.
तिची की माझी, कोण जाणे.
ब्लेड जवळच होतं.
तो शर्ट तसाच गठ्ठ्यात ठेवला,
वरून सतरावा.