उकार

खानापूरच्या तहसील कचेरीसमोर, जांभळाखाली माझं टेबल.
मराठीत सांगा, कन्नडात लिहून देतो.
पानाला चाळीस रुपये, कार्बन लावला तर पाच जादा.

भागीरथी घाडी, हुळंदवाडीची,
सलग तिसऱ्या डिसेंबरात आली.
मागणं तेच : ओढ्यावर साकव.
'गेल्या साली लिवलेलंच लिव.
वाहून गेलेल्यांत फकस्त एक नाव वाढव.'
वाढवलं. पैसे नको म्हटलं,
खरं तिनं ठेवलेच, टाचण्यांच्या डबीखाली.

बेळगावात अधिवेशन. दहा दिवस.
सकाळभर सीमेवरून बाकं वाजली,
एक इंच देणार नाही,
एक इंच सोडणार नाही.
दुपारी आमदारांच्या भत्त्याचं विधेयक आलं
आणि चहा निवायच्या आत मंजूर झालं.
दोन्ही बाजू एकदम होय म्हणाल्या.
कुणी म्हणतं, हौदु म्हणाल्या.
काय असेल ते,
त्या होकाराला माझ्यासारखा माणूस लागला नाही.

बाई अर्ज घेऊन कोंडसकोप्पच्या मांडवात बसली होती.
शेजारी गोकाककडची शिवगंगव्वा, अंगणवाडीची,
चार महिन्यांचं मानधन थकलेली.
हिला कन्नड येत नाही, तिला मराठी.
भाकरी हिची, शेंगाचटणी तिची.
पोलिसानं काठीनंच विचारलं, काय पाहिजे?
शिवगंगव्वा म्हणाली, हक्कु.
भागीरथी म्हणाली, व्हय, हक्क.

अर्जावर गोल शिक्का घेऊन परतली,
पहिल्यांदा हे सांगितलं :
'मास्तर, आमचाच शब्द की तो!
त्यांच्यात नुसती शेपटी जादा.'

तीस वर्षं मी 'मनवी' लिहितोय.
मनवी म्हणजे विनंती.
गरीब, कृपा, उपकार, आपला नम्र,
झोपेतसुद्धा हात चालतो.
हा शब्द मात्र कुणी सांगितला नाही,
मीही कुणाला सुचवला नाही.

काल तिच्यासमोर कोरा कागद ओढला.
विषयाच्या जागी लिहायला घेतलं, हक्कु.
हाताला सवय नाही,
उकाराऐवजी वेलांटी पडली.
हक्कि. म्हणजे पाखरू.

'काय झालं?'
सांगितलं.
ती बराच वेळ कचेरीच्या पायऱ्यांकडे बघत राहिली,
तिथं शिपाई उन्हात फायली वाळवत होता.

'पाखराला साकव लागत न्हाई,' म्हणाली.
'मला लागतो.
नीट लिव.'