शेवटची टपालपेटी

रेइनोच्या गॅरेजात दोन टायर भिंतीला टेकून उभे,
जणू मी स्थळं बघायला आलेय.

एक दांडगा, ऑल-टेरेन. ठोकळ्याठोकळ्यांची नक्षी,
दात पार खांद्यापर्यंत.
चिखल, खडी, जंगलातल्या ओंडक्यांच्या वाटा,
सगळं चालतं म्हणे त्याला, बारा महिने.
दुसरा हिवाळी. अंगभर नुसत्या बारीक चिरा,
कुणी सुरी हलकेच फिरवल्यासारख्या.
"मेमध्ये उतरवावा लागेल," रेइनो म्हणाला,
"उन्हाळ्यात भराभर झिजतो."
म्हणजे नाजूक. म्हणजे खर्चिक.

माझा भाऊ आर्वो पहिल्याच्या बाजूचा.
त्याचा पिकअप कुठेही चढतो, असं तो सांगतो,
आणि चढतोच. गेल्या जानेवारीत चढला
थेट हिल्याच्या कुंपणावर.

किवीनॉच्या या टोकाला माझ्या वाट्याला एकशे बारा पेट्या.
एकशे अकरा सपाटीला, नाहीतर चढावर.
शेवटची उतारावर, सुपीरियर सरोवराच्या तोंडाशी.
तिथे म्हातारा सूलो फावडं घेऊन उभा असतो,
रस्त्याकडे पाठ करून.
त्याला ऐकू येत नाही. हॉर्नसुद्धा.

मी म्हटलं, आजची रात्र दोन्ही बाहेर ठेव.
रेइनो हसला. पण ठेवले.

सकाळी पारा शून्याखाली अकरा,
नाकातले केस ताठ.
हातमोजा काढून पहिल्यावर अंगठा दाबला:
दगड. दातांसकट दगड.
दुसऱ्यावर दाबला:
गेला आत. जेमतेम, पण गेला,
आणि रबर सावकाश परत वर आलं.

"पुढे जातात दोन्ही," रेइनो कॉफी ओतत म्हणाला,
"जाण्याचा प्रश्नच नाही, लेम्पी."
उरलेलं त्यानं सांगितलं नाही,
अंगठा बधिर झाला होता, मीही विचारलं नाही.

चार हिवाळी घेतले. हप्त्यानं.
आर्वो म्हणाला, "मेमध्ये चिखलात रुतलीस की हाक मार."
मारीन की.
मेमध्ये रुतायला माझी काही हरकत नाही.

आज शेवटच्या उतारावर ब्रेक दाबला.
गाडी जराशी कुरकुरली
आणि थांबली, पेटीच्या दोन हात अलीकडे.
सूलोनं वळूनही पाहिलं नाही,
बर्फ उपसत राहिला.
मी काच खाली करून थांबले,
हातात त्याचं विजेचं बिल
आणि बियाण्यांचा कॅटलॉग,
वर लालभडक टोमॅटो.