काढायचे पैसे वेगळे

द्वारका चौकात, पुलाच्या सावलीत
माझं दुकान, आठ बाय सहा.
रेडियम, नंबर प्लेट, काचेवरची नावं.
लोक आपापला देव घेऊन येतात
आणि मी विचारतो, किती इंच?

विचारावंच लागतं.
कटर मशीनला श्रद्धा कळत नाही,
लांबी-रुंदी कळते.

कुंभमेळ्याच्या वर्षी भगवा रोल पुरत नाही.
एकाने स्कॉर्पिओची अख्खी मागची काच दिली:
महादेव पाहिजे, डोळे उघडे, रागावलेला.
म्हटलं, मागचं काही दिसणार नाही हो तुम्हाला.
तो बघतोय ना, म्हणाला.

सातपूरच्या अश्वघोष निकाळेला
बुलेटच्या दोन्ही अंगांना निळं जय भीम हवं होतं.
एवढं मोठं? टाकीवर मावणार नाही.
तो हसला, न रागावता:
"माझा पणजोबा पंचवटीत
बंद दरवाजाबाहेर बसला होता, उन्हात.
आता मी मावून घेणार नाही."
मी आकडा वाढवला.

देवळाली कॅम्पच्या जालसेठना नुसता नंबर लागतो.
बाकी काही नको, डिकरा.
पण स्टार्टर मारण्याआधी
बॉनेटवर तळवा ठेवून पुटपुटतात काहीतरी,
आणि मी तेवढ्यापुरता
रोल शोधायला आत वळतो.

सुवार्ता भांबळ, सिव्हिलमध्ये नर्स, शरणपूरची.
तिला क्रूस हवा, नखाएवढा,
हेल्मेटच्या आतून, कपाळाच्या जागी.
कोणाला दिसणार ताई तिथे?
"दिसायचा कशाला? टेकला म्हणजे झालं."

चौक मंडईच्या मुश्ताक कोकणीच्या टेम्पोवर
हिरवं सातशे शहाऐंशी मीच लावलं होतं,
वीतभर, दोन्ही दारांवर.
परवा म्हणाला, काढून टाक.
लांबची भाडी घेतोय आता कांद्याची. रात्रीची.
पुढचं तो बोलला नाही, मी विचारलं नाही.
हीट गन लावली, नखाने सोललं, पेट्रोलने पुसलं.
पण दहा उन्हाळ्यांत सगळं दार विटलेलं,
आणि आकड्यांखालचा निळा रंग
शोरूममधून आजच निघाल्यासारखा.
आधीपेक्षा ठळक वाचता येत होतं.
आम्ही दोघं बघत राहिलो.
किती झाले?
'काढायचे पैसे वेगळे' अशी पाटी आहे माझ्याकडे.
तिच्यासमोर उभा राहून म्हणालो, राहू दे.

माझ्या स्कूटरवर काहीच नाही.
गिऱ्हाइकं विचारतात, तुझा देव कुठला रे?
ज्याचं बिल, त्याचा.
हसतात. दहा-बारा वर्षं हसतायत.

बायको दर गुरुवारी नाशिकरोडला जाते.
भाजी तिकडे स्वस्त, म्हणते.
बाळ येशूपुढे मेणबत्त्या लावणाऱ्या
कितीतरी बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं,
हे मला माहीत आहे.
आणि आमच्या मधल्या खोलीत
चार वर्षांपासून एक पाळणा घडी घालून ठेवलाय,
हेही.

काल ती आली, पिशवी खाली ठेवली.
अंगठ्यावर मेणाचा थेंब, वाळलेला.
तिलाही दिसला तो, माझं बघणंही दिसलं.
मी मेथीची जुडी पुढ्यात ओढली
आणि निवडत बसलो.
बराच वेळ.
मेथी स्वस्त नव्हती, मागून कळलं.